हाताखालच्या माणसांशी आपण कसे वागतो? (ख्रिस्ती नजरेतून विचारतोय, पण सगळ्यांनी लिहा)

नगरकर_वेर्णा

सगळ्यांना जय ख्रिस्त, नमस्कार.

मी मूळचा नगरचा. आमचं घर तीन पिढ्या मंडळीतलं (म्हणजे चर्चमधलं), आजोबा पाळक होते. गेली ११ वर्षं गोव्यात आहे, वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका औषध कंपनीत पॅकिंगला. आता दोन लाइन माझ्याकडे आहेत, मिळून ४० एक माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराची.

यंदा लेंट (ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ) सुरू झाला तेव्हा मटण तर सोडलंच पण सोबत एक वही केली. रोज रात्री झोपायच्या आधी लिहायचं की आज माझ्या हातात जो थोडाफार अधिकार आहे तो मी कसा वापरला. तीन आठवडे झाले. वही वाचून मला झोप येत नाही अशी परिस्थिती आहे म्हणून इथे लिहितोय.

झालं असं की दुसऱ्याच आठवड्यात एका पोराने बॅच रेकॉर्डमध्ये आकडा गिरवला. ६ चे ८ केले. जे औषध कंपनीत आहेत त्यांना माहीत आहे, चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. गिरवलेलं ऑडिटमध्ये दिसलं तर सगळी बॅच संशयात येते. म्हणजे चूक मोठीच होती, त्यात वाद नाही. पण मी काय केलं तर लाइन थांबवून सगळ्यांसमोर ते रेकॉर्ड टेबलावर आपटलं आणि म्हणालो शाळेत गेला होतास की गुरं राखायला. पोरगा सावंतवाडीकडचा, २२ वर्षांचा, इथे खोली घेऊन राहतो. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी पण नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा मान खाली घालून काम करत होता, अजूनही तसाच असतो.

आणि त्याच रविवारी मी मंडळीत शास्त्रवाचन केलं. छान आवाजात केलं, लोकांनी उपासनेनंतर सांगितलं पण.

वहीत आणखी बरंच आहे. कायम कामगारांना मी नावाने हाक मारतो आणि ठेकेदाराच्या माणसांना "ए ब्लू टोपी" म्हणतो (त्यांची टोपी निळी असते). "तुमचं मत काय" असं विचारतो तेव्हा निर्णय आधीच झालेला असतो. शिफ्ट संपताना दहा मिनिटं मीटिंग घेतो आणि मडगावची बस त्या दहा मिनिटांतच जाते, हे मला परवा एका बाईने सांगितलं, चार वर्षांनी.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुम्ही स्वतःला तपासता का आणि कसं? आणि त्या पोराची माफी मागायची तर ती सगळ्यांसमोर मागायची की केबिनमध्ये?

आयटी_पर्वरी

बसवाला मुद्दा वाचला आणि आमची सहाची मीटिंग साडेपाचला घेतली. धाग्याचा पहिला लाभार्थी मीच.

फोंडेकर_काका

२६ वर्षं खाणीवर होतो, फोरमन. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा घरी आलो. माझं स्पष्ट मत सांगतो, राग मानू नका. डंपर मागे घेताना कोणी मध्ये आला तर तुम्ही त्याला "कृपया बाजूला व्हा" म्हणत नाही, ओरडता. तुमच्याकडे औषध आहे, चुकीचं औषध पेशंटच्या पोटात जाणार. ओरडलात ते ठीकच केलंत. गुरं राखायचं बोलायला नको होतं, तेवढंच चुकलं.

माफी सगळ्यांसमोर अजिबात नको. केबिनमध्ये बोलवा, चहा सांगा, खांद्यावर हात ठेवा, विषय संपला. ४० माणसांसमोर साहेब माफी मागतो म्हटल्यावर उद्या दुसऱ्याला रागावताना तुमचीच जीभ अडखळेल.

डिचोलीची_बाई

काका, मी ३१ वर्षं शाळेत आहे, त्यातली ९ मुख्याध्यापिका. तुमच्याशी सहमत नाही.

डंपर मागे येत असताना ओरडणं म्हणजे सावध करणं आहे. आकडा गिरवून झाल्यावर ओरडणं म्हणजे राग काढणं आहे. धोका टळलेला होता, रेकॉर्ड टेबलावर होतं, कुठे पळून जात नव्हतं. या दोन ओरडण्यांत फरक आहे आणि मुलांना तो बरोबर कळतो, पहिल्या ओरडण्याचा राग मुलं कधीच धरत नाहीत.

आणि अपमान वर्गासमोर झाला असेल तर भरपाई स्टाफरूममध्ये होत नाही. ज्यांनी बघितलं त्यांच्यासमोरच ती व्हायला हवी. त्या मुलाचं जे गेलं ते बाकीच्या ३९ लोकांच्या नजरेतलं गेलं. तुम्ही केबिनमध्ये चहा पाजलात तर ते त्याला परत कसं मिळणार?

तर्कशुद्ध

प्रश्न चांगला आहे पण यात धर्म कशाला आणायचा? कामगार कायदे आहेत, एचआर पॉलिसी आहे, माणुसकी आहे. देव न मानणारेही चांगले मॅनेजर असतात आणि दर रविवारी चर्चला जाणारे वाईट असतात, वाईटाचं उदाहरण तर तुम्हीच दिलंय.

नगरकर_वेर्णा

@तर्कशुद्ध, बरोबर आहे, मला वाद घालायचाच नाही. देव न मानणारा माझा आधीचा साहेब माझ्यापेक्षा शंभर पटीने बरा होता. पण मी मानतो, म्हणून माझा हिशोब मला तिथेच द्यावा लागतो. एचआर पॉलिसीप्रमाणे मी त्या दिवशी काहीच चुकलो नाही, डेव्हिएशन (नियम मोडल्याची नोंद) लिहिलं, ट्रेनिंग परत घेतलं, फाइल स्वच्छ आहे. बायबलमध्ये मार्कच्या १० व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की परराष्ट्रांचे अधिकारी लोकांवर धनीपण गाजवतात पण तुमच्यात तसं नसावं. त्यापुढे माझी फाइल स्वच्छ नाही. हे ओझं माझं आहे, दुसऱ्या कोणावर टाकत नाही.

@काका @बाई, दोघांचं वाचून विचार करतोय. काका, तुमची भीती मलाही आहे, ती खोटी नाही.

साष्टीचो_जुझे

माझं मराठी चौथीपर्यंतचं, चुकलं तर सांभाळून घ्या. मडगावात एसी रिपेरिंगचं वर्कशॉप आहे, सहा पोरगे कामाला.

आमच्या गोव्यात बॉसला पात्रांव म्हणतात ते सगळ्यांना माहीत. पण त्या शब्दाच्या मागे भाटकार, म्हणजे जमीनदार, उभा आहे. माझा आजोबा मुंडकार होता. म्हणजे जमीन भाटकाराची, आमचं घर तिच्यावर, आणि त्याच्या बदल्यात भाटकाराने हाक मारली की जायचं, नारळ पाडायला, फेस्ताला, लग्नाला. भाटकाराच्या बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) आजोबा कधी बसला नाही, पायरीखाली उभा राहून बोलायचा. १९७५ चा मुंडकार कायदा आला, घर आमच्या नावावर झालं, बापाने तेव्हा रडून घेतलं होतं असं मांय सांगते.

आता ऐका. गेल्या वर्षी कोरेज्मात (म्हणजे लेंटमध्ये) मी कुमसाराला, पाद्रीसमोर पापं कबूल करायला गेलो. नेहमीची पापं सांगितली, राग आला, मीस (रविवारची उपासना) चुकलं, वगैरे. पाद्रीने विचारलं कामाला किती जण आहेत. मी म्हटलं सहा. म्हणाला ते रात्री कुठे झोपतात? मला सांगता आलं नाही. सहापैकी चार जणांचं मला माहीतच नव्हतं. घरी येऊन वर्कशॉप बघितलं तर काय, खुर्ची एकच. माझी. पोरगे जेवतात पण उभ्याने नाहीतर कॉम्प्रेसरच्या पेट्यांवर बसून. आमच्या घराण्याला बाल्कांवावर बसायला मिळालं नाही आणि मी सहा पोरांना खुर्ची दिली नाही. भाटकार मेला नाही, माझ्यात येऊन बसलाय.

खुर्च्या आणल्या. प्लास्टिकच्या, सहा. ते कुठे झोपतात ते पण बघून आलो, त्याबद्दल इथे लिहीत नाही, लाज वाटते, त्यावर काम चालू आहे.

मांडवीकाठ

जुझेबाब, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. दोघंही गप्प झालो.

मी पणजीत एका हॉटेलात हाउसकीपिंग बघते. सीझनला एका मुलीकडे एका शिफ्टमध्ये १५-१६ खोल्या येतात, चादरी बदलणं, बाथरूम, सगळं. योहान १३ मध्ये येशूने शिष्यांचे पाय धुतले ते मी माझ्या कामाशी जोडून घेतलंय. आठवड्यातून एकदा मी स्वतः ब्रश घेऊन दोन बाथरूम घासते, कोणतीही ते मुली ठरवतात. त्यामुळे मला कळतं की कोणतं केमिकल हाताला लागतं, कुठल्या खोलीत पाण्याला प्रेशर नाही. पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर पहिल्याच पवित्र गुरुवारी, २०१३ मध्ये, रोमच्या बालसुधारगृहात जाऊन तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले होते, त्यात मुली होत्या, मुसलमानही होते. ते दृश्य मी टीव्हीवर पाहिलं होतं, तेव्हापासून ही सवय.

नाईट_ड्युटी

मांडवीकाठ ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे पण मला या पाय धुण्याच्या वापराबद्दल थोडं बोलायचंय, कारण मी त्यात फसले होते.

मी मिरजेची, मिशन हॉस्पिटलच्या आवारातच वाढले, आई पण नर्स. गोव्यात वॉर्ड इन्चार्ज आहे. सुरुवातीची पाच वर्षं मी सगळं स्वतः करायचे. कोणी आलं नाही की तिची ड्युटी मी, ज्युनियरला आयव्ही जमली नाही की मी, औषधांचा इंडेंट (मागणीपत्र) मी, बेडशीट मोजायला पण मीच. लोक म्हणायचे सिस्टर म्हणजे सेवामूर्ती. मला पण तसंच वाटायचं, अगदी प्रार्थनेत देवाला सांगायचे की बघ मी किती करते. मग मी टायफॉइडने तीन आठवडे घरी होते तेव्हा वॉर्ड कोलमडला, कारण कोणालाच काही येत नव्हतं. मी कोणाला शिकवलंच नव्हतं! एक ज्युनियर भेटायला आली आणि हळूच म्हणाली, सिस्टर तुम्ही आमच्या हातातून काम काढून घेता तेव्हा वाटतं की आम्हाला कधीच जमणार नाही.

निर्गमचा १८ वा अध्याय वाचा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलाय, लोक रांगेत उभे, आणि त्याचा सासरा इथ्रो येऊन बघतो. शाबास म्हणत नाही. हे तू करतोस ते बरं नाही म्हणतो, तू पण थकशील आणि लोक पण थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला सांगतो. लोक पण थकतील, हे मला फार लागलं. मी एकटी सगळं ओढते तेव्हा माझी सेवा होते आणि रांगेत उभं राहतं दुसरंच कोणी.

आणि योहान १३ मध्ये पुढे काय आहे ते पण बघा, पाय धुऊन झाल्यावर तो परत कपडे घालून जागेवर बसला आणि म्हणाला की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. म्हणजे गुरुपण सोडून दिलं नाही त्याने. इन्चार्जचं काम इन्चार्जने केलंच पाहिजे.

मांडवीकाठ

हम्म. आधी वाचून थोडं वाईट वाटलं, मग बरं वाटलं. मुलींना खोल्या कमी करून मिळाव्यात म्हणून मी वर भांडले का, तर गेल्या दोन सीझनमध्ये एकदाही नाही. ते माझं काम होतं आणि ते कठीण होतं, ब्रश घेणं त्यापेक्षा सोपं. ब्रश सोडणार नाही, पण तुमचं म्हणणं पोचलं.

फोंडेकर_काका

इथ्रो भारी माणूस. सासरा असावा तर असा.

डिचोलीची_बाई

मूळ प्रश्नाचा पहिला भाग राहिला, तपासायचं कसं. मी हिंदू, पण शाळा नन्सची होती. तिथे आमच्या एका सिस्टर संत इग्नेशियसची पद्धत शिकवायच्या, जेझुइट लोक, म्हणजे त्याच्या संघाचे पाद्री, करतात ती. दिवसातून दोनदा, दुपारी एकदा आणि रात्री एकदा, थोडा वेळ थांबायचं आणि दिवस परत डोळ्यांसमोरून न्यायचा. मी ती अजून करते, शाळेची घंटा झाल्यावर दहा मिनिटं.

त्यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते आणि नगरकर, तुमच्या वहीत ती दिसली नाही. इग्नेशियस सुरुवात चुकांपासून करत नाही, आभारांपासून करतो. आज काय मिळालं, कोणाकडून मिळालं, ते आधी. मग प्रकाश मागायचा, मग दिवस बघायचा, मग पश्चात्ताप, मग उद्याचं. सुरुवात आभारांनी केली की आपोआप माणसं आठवतात. शिपायाने कुलूप वेळेवर उघडलं, एका शिक्षिकेने माझी चूक झाकून घेतली. ज्यांचे आभार मानले त्यांना मग "ए" म्हणून हाक मारता येत नाही हो. तुमची वही सगळी तुमच्याबद्दलच आहे, माझं चुकलं, मी असा, मी तसा. रागावू नका.

(फ्रान्सिस झेवियर याच इग्नेशियसचा अगदी सुरुवातीचा सोबती, १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला. जुन्या गोव्याला आपण सगळेच जातो पण ही पद्धत फार कोणाला माहीत नसते.)

नगरकर_वेर्णा

बाई, रागावलो नाही. काल रात्री आभारांनी सुरुवात केली. पहिलं नाव आलं ते मला बस चुकते सांगणाऱ्या बाईंचं. चार वर्षं त्या चालत मुख्य रस्त्यापर्यंत जात होत्या आणि तक्रार केली नाही, आणि शेवटी सांगितलं ते पण हसत. मला त्यांचं आडनाव माहीत नव्हतं. आज विचारलं.

पेडणेकर_शॅक

बराच वेळ वाचतोय. तुम्ही सगळे पगारदार माणसं, महिन्याला खात्यात पैसे पडतात, वरचं आभाळ कंपनीचं. माझा शॅक आहे, किनाऱ्यावरचं खाण्याचं ठिकाण, ऑक्टोबर ते मे. नऊ पोरगे, नेपाळचे, कर्नाटकचे, दोन इथले. मी प्रेमाने वागतो, आईबहिणीवरून शिवी नाही, जेवण माझ्यासोबत, मासळी तीच जी मी खातो. पण पगारातला थोडा भाग मी सीझन संपेपर्यंत ठेवून घेतो. नाही ठेवला तर २० डिसेंबरला पोरगा बाजूच्या शॅकमध्ये हजार रुपये जास्त मिळतात म्हणून जातो आणि माझी टेबलं भरलेली. हे पाप आहे का तुमच्या मते?

नाईट_ड्युटी

दादा, विचारलंत म्हणून सांगते. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी सकाळपर्यंत सुद्धा आपल्याकडे ठेवू नको असं आहे. एक रात्र! आणि याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात तर म्हटलंय की कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. तुम्ही चांगले आहात हे दिसतंय, मासळी तीच खायला घालणारे फार थोडे असतात. पण ते पैसे तुमचे नाहीत.

पेडणेकर_शॅक

आणि पोरगा पळाला तर याकोब येणार काय ताटं उचलायला?

साष्टीचो_जुझे

पेडणेकर, पोरगे का जातात ते पण विचारा. हजार रुपयांसाठी जातो म्हणजे हजार रुपये त्याला मोठे आहेत. मी पण ठेवत होतो, "डिपॉझिट" म्हणत होतो. मुंडकाराला भाटकार असाच बांधून ठेवायचा, घर माझ्या जमिनीवर आहे ना, मग जाणार कुठे. शिवी न देता पण बांधता येतं.

तर्कशुद्ध

इथे मी आणि लेवीय एकाच बाजूला आहोत याची नोंद घ्यावी. कमावलेला पगार अडवून ठेवणं कायद्यातही बसत नाही.

पेडणेकर_शॅक

ठीक आहे, सगळे मिळून मला धरताय. मग धागा ज्याने काढला त्याला विचारतो. नगरकर, तुमची ती ठेकेदाराची निळ्या टोपीवाली माणसं, त्यांना पगार किती तारखेला मिळतो? तुम्हाला माहीत आहे?

आयटी_पर्वरी

हा प्रश्न मात्र नेमका आहे.

फोंडेकर_काका

चार दिवस झाले, नगरकर गायब. पोरांनो त्याला जास्त टोचलंत काय.

तोपर्यंत एक सांगतो. जुझेबाबने कुमसाराचं सांगितलं ते मनात राहिलं. खाण बंद झाली तेव्हा माझ्या हाताखाली ३४ माणसं होती. कंपनीने माझं बघितलं, मला घरी बसून काही महिने मिळत होतं. त्या ३४ जणांचं पुढे काय झालं ते मी दोघांचंच सांगू शकतो. एकाने टेम्पो घेतला, एक गेला. बाकीच्यांना मी फोन पण केला नाही, कारण काय बोलणार असं वाटायचं. आता शिगम्याला गावात जाईन तेव्हा सांगे, कुडचडेकडे दोन-तीन घरं आहेत, जाऊन येईन. म्हणजे झालं काय की मी इथे डंपरचं बोलत होतो आणि मनातलं वेगळंच होतं.

नाईट_ड्युटी

काका, जाच. उशीर झाला असं मानू नका.

मिरजेच्या आमच्या मंडळीत पंडिता रमाबाईंचं नेहमी निघायचं, केडगावच्या मुक्ती मिशनवाल्या. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर केलं आणि ते छापायचं काम तिथल्याच बायकांना शिकवलं, खिळे (छपाईची अक्षरं) जुळवण्यापासून. टाकलेल्या, विधवा, दुष्काळातून आणलेल्या बायका. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, त्यानंतर ते पूर्ण छापून बाहेर आलं. त्या नसताना काम चाललं, कारण हातात कसब त्या बायकांच्या होतं. माझ्या वॉर्डचा विचार करताना मी नेहमी ते आठवते.

साष्टीचो_जुझे

यावरून आठवलं, पोप फ्रान्सिसने २०१४ च्या डिसेंबरात आपल्याच व्हॅटिकनच्या अधिकाऱ्यांना नाताळच्या शुभेच्छा द्यायला बोलावलं आणि १५ आजार वाचून दाखवले होते, साहेबलोकांना होतात ते. पहिलाच आजार म्हणजे आपल्याशिवाय चालणार नाही असं वाटणं. त्यावर औषध पण सांगितलं, कबरस्तानात जाऊन नावं वाचा, आपल्याशिवाय चालणार नाही असं ज्यांना वाटायचं ती सगळी तिथे आहेत. आमच्या इगर्जीच्या (चर्चच्या) बाजूलाच सिमितेर, म्हणजे कबरस्तान आहे, मी दर महिन्याला जातो.

नगरकर_वेर्णा

गायब नव्हतो, काका. पेडणेकरांच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं आणि ते मिळवायला वेळ लागला. सगळं क्रमाने लिहितो, लांबेल.

आधी माफीचं. मंगळवारी शिफ्टच्या सुरुवातीला सगळे उभे होते तेव्हा मी म्हणालो की त्या दिवशी रेकॉर्ड गिरवलं ती चूक होती आणि तो नियम तसाच राहणार, पण मी जे बोललो ते चुकीचं होतं, तुझी माफी मागतो. त्याचं नाव घेऊन. बाईंनी सांगितलं तसं, सगळ्यांसमोर. पोरगा "ठीक आहे सर" म्हणाला आणि हातमोजे घालायला लागला. बस, तेवढंच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी डोक्यावरही बसलं नाही, लाइन चालू झाली. त्याने मान वर केली का, तर अजून नाही. मला वाटलं होतं माझं मन हलकं होईल, तसं पण काही झालं नाही. कदाचित ते माझ्या मनासाठी नव्हतंच.

आता पगार. मी ठेकेदाराच्या एका मुलाला विचारलं तर म्हणाला सर १७-१८ तारखेला येतो, कधी २० ला. ७ ला यायला पाहिजे. मी तापलो, ठेकेदाराला फोन लावला, त्याला नाही नाही ते ऐकवलं की कामगारांचे पैसे वापरता काय. तो शांतपणे म्हणाला साहेब, तुमच्या कंपनीतून माझं बिल पास होत नाही तोवर मी कुठून देऊ. खरं म्हणजे त्याने तसंही द्यायला पाहिजे, आणि त्याने नाही दिलं तर जबाबदारी कंपनीवर येते, ते एचआरला मी सांगितलंय. पण मी अकाउंट्सला गेलो, बिल का अडतं विचारायला. ते म्हणाले हजेरीचं मस्टर डिपार्टमेंटकडून सही होऊन येत नाही.

डिपार्टमेंट म्हणजे मी.

दर महिन्याला १ तारखेला ते मस्टर माझ्या टेबलावर येतं. मी सही करतो ९ ला, १० ला, एकदा १२ ला. महिन्याच्या सुरुवातीला प्रॉडक्शनचा रिपोर्ट असतो, ऑडिटची कामं असतात, मस्टर म्हणजे काय नुसती सही, होईल. मागच्या १४ महिन्यांच्या तारखा काढून बघितल्या. ५ च्या आत सही एकदाच आहे. २३ माणसांचा पगार माझ्या टेबलावर दहा-दहा दिवस पडून राहत होता आणि मी रात्री वहीत लिहीत होतो की आज आवाज चढवला, आज नावाने हाक मारली नाही. वहीत मस्टर हा शब्दच नाही.

त्या पोराला त्या आठवड्यात दोन दिवस खाडे का पडले ते पण आता कळलं. मला वाटत होतं अपमान झाला म्हणून आला नाही. तो असेलच. पण त्याने दुसऱ्याकडून पैसे घ्यायला गावाला गेलो होतो असं सांगितलं, खोलीचं भाडं थकलं होतं, घरमालकाने सामान बाहेर काढतो म्हटलं होतं. ती १३ तारीख होती. त्या महिन्यात मी सही ११ ला केलीय.

पेडणेकर, तुमचा प्रश्न मी विसरणार नाही.

डिचोलीची_बाई

वाचलं. आणि लगेच उठून कपाट उघडलं, तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकांची बिलं आहेत, दोन. उद्या सकाळी पाठवते.

मांडवीकाठ

मी ठरवलंय, येत्या सोमवारी जनरल मॅनेजरकडे खोल्यांचा विषय घेऊन जाणार. आकडे काढलेत, एका खोलीला किती मिनिटं लागतात ते तीन मुलींबरोबर घड्याळ लावून मोजलं. चेकआउट झालेली खोली असेल तर १६ होतच नाहीत, मुली जेवण सोडतात तेव्हा होतात. प्रार्थना करा.

तर्कशुद्ध

प्रार्थना जमणार नाही पण मिनिटांचं टेबल करायला मदत करू शकतो. मेसेज करा, खरंच.

फोंडेकर_काका

नगरकर, माफीबद्दल मी चुकलो होतो. कोणी डोक्यावर बसलं नाही ना, बरं झालं.

पेडणेकर_शॅक

मी तुम्हाला अडवायला विचारलं होतं, खरं सांगतो. एवढं निघेल असं वाटलं नव्हतं.

माझं अजून ठरलं नाही. मे पर्यंतचं एकदम सगळं आता द्यायचं तर हातात तेवढे नाहीत, बियरवाल्याचं देणं आहे. पण डिसेंबरपर्यंतचं ठेवलेलं आहे ते या शनिवारी देतोय, नऊच्या नऊ जणांना. बायकोला सांगितलं, ती म्हणाली शेवटी.

एक काम होतं. ते मस्टर कसं असतं त्याचा नमुना पाठवा. माझ्याकडे नुसती वही आहे आणि तिच्यात पोरांनी घेतलेली उचल लिहिलेली असते, मी त्यांचं किती देणं लागतो ते कुठेच लिहिलेलं नाही.

नगरकर_वेर्णा

पाठवतो. आमच्याकडचं फार मोठं आहे, नऊ माणसांना एवढे रकाने लागणार नाहीत, थोडे कमी करून रात्री पाठवतो. "देय" हा रकाना पहिला घालतो, उचलीच्या आधी.